वापर : एक

फोन किंचाळला तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा बसवत होती, आणि तिला आनंद झाला. आधी आनंद, मग धडधड. पुढे कितीतरी वेळा तिने हा क्रम उलटा लावून पाहिला. आधी धडधडच झाली असेल, छातीत काहीतरी हललं त्यालाच आपण आनंद समजलो असू, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण स्वतःला समजावणं आणि गिऱ्हाइकाला समजावणं यात फरक असतो. गिऱ्हाईक शेवटी बरं म्हणतं आणि निघून जातं. तिला पक्कं आठवत होतं, की त्या कर्कश भोंग्याचा पहिला सूर कानावर पडला तेव्हा तिचे गाल आतून सैल झाले होते, शाळेत बाईंनी बक्षिसासाठी आपलं नाव पुकारलं की व्हायचे तसे. जवळच कुठेतरी एक माणूस कोसळला होता, त्याचं हृदय थांबलं होतं, आणि ही बया चष्म्याच्या दुकानात उभी राहून खूश झाली होती. "अहो, कानामागे टोचतंय," गिऱ्हाईक म्हणालं. "टोचू दे," असं म्हणून ती दुकानाबाहेर पडली.

पेटी दुकानाला लागूनच्या भिंतीवर होती. तिचं खरं नाव डिफिब्रिलेटर, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, पण ते नाव उच्चारेपर्यंत माणूस हातचा जाईल असं मदत पथकाचे प्रमुख म्हणायचे, म्हणून सगळे पेटीच म्हणत. प्रमुख म्हणजे एक निवृत्त बस कंडक्टर, आणि निवृत्त झाले तरी सगळ्या वस्तीसाठी कंडक्टरच. छाती दाबायला शिकवताना रबरी पुतळ्याभोवती गर्दी झाली, की सवयीने "मागचे पुढे सरका" म्हणायचे. पथकात अशीच माणसं होती, दिवसभर दुसरं काहीतरी करणारी. कुणी कोसळलं की घरचे मदतीच्या नंबरावर फोन करत, तिथून जवळच्या स्वयंसेवकांचे फोन किंचाळत, आणि ज्याला जमेल त्याने पेटी उचलून धावायचं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबायची, पेटी सांगेल तेव्हा झटका द्यायचा. हे सगळं फुकट. म्हणजे हात फुकट. पेटीची बॅटरी, छातीला चिकटवायच्या पट्ट्या, तो रबरी पुतळा, यातलं काही आभाळातून पडत नव्हतं. त्यासाठी नगर समिती दरवर्षी अनुदान द्यायची. यंदा कंडक्टरांनी थोडं जास्त मागितलं होतं, कारण त्यांना घरोघरी जाऊन शिकवायचं होतं. आणि यंदा समिती आहे तेवढंही देईल असं दिसत नव्हतं.

पेटी छातीशी धरून धावताना तिला रस्ता दिसत नव्हता, समितीचं सभागृह दिसत होतं. अध्यक्ष चांगला माणूस होता, हीच पंचाईत होती. वाईट माणूस असता तर त्याला मनातल्या मनात शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्याने हसतमुखाने विचारलं होतं, "वर्षभरात वापर किती झाला?" कंडक्टर म्हणाले, "शून्य." थोड्या अभिमानानेच म्हणाले, जसं काही वस्तीतल्या सगळ्या माणसांची हृदयं त्यांनीच किल्ली देऊन चालू ठेवली होती. "वा! शून्यच राहो," अध्यक्ष म्हणाला, "पण मग शून्याला पैसे कशाला?" सगळे हसले, तीही हसली. पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं. बाहेर पडताना कंडक्टर म्हणाले, "एखादा तरी पडायला हवा होता हो." ते बोलले आणि विसरले. त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं आणि हिच्या डोक्यात घर करून बसलं. तेव्हापासून ती माणसांकडे निराळ्याच नजरेने बघू लागली. बुबुळांमधलं अंतर मोजायला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याजवळ जावं लागतं. तिथे तिची नजर डोळ्यांवरून घसरून मानेवरच्या शिरेवर जायची. जाड माणूस दुकानाच्या पायऱ्या चढून धापा टाकत आला, की तिच्या मनात एक दार किलकिलं व्हायचं. हा? असं कुणीतरी आतून विचारायचं. ती त्याला पटकन खुर्ची द्यायची, पाणी द्यायची, आणि तो बरा होऊन फ्रेम बघू लागला की तिला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटण्याच्या खाली, भांड्याच्या तळाशी काहीतरी लागावं तशी, बारीकशी निराशा लागलेली असायची. ती खरवडून काढायचा तिने खूप प्रयत्न केला. आपण असं काही चिंतत नाही, असं ती बसमध्ये, आंघोळ करताना, भाजी चिरताना स्वतःशी म्हणायची. जे चिंतत नाही ते इतक्यांदा म्हणावं लागत नाही, हे तिला कळत होतं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडंच होतं, आणि दारात एक वयस्क बाई उभ्या होत्या. ओळखीचा चेहरा, दुकानावरून जाता-येता दिसणारा. वस्तीत सगळे त्यांना काकू म्हणत. जिने चढून हिला दम लागला होता. काकू म्हणाल्या, "हे पडलेत. उठतच नाहीत," आणि हिच्या तोंडून शब्द निघाले, "बरं झालं."

ते शब्द कुठून आले ते तिला माहीत होतं, दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. रस्ताभर ती मनात जे घोळवत आली होती त्याचंच शेपूट होतं ते. पण काकूंनी क्षणाचाही वेळ न लावता ते वाक्य उचललं, आपल्या हाताने पुरं केलं, आणि तिला परत दिलं. "हो ना, बरं झालं तुम्ही आलात," त्या म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. पुढे या गोष्टीची तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली. तिने काही सावरलं नाही, खोटं बोलली नाही. तिच्यासाठी एका बाईने, जिचा नवरा आत जमिनीवर पडला होता तिने, ते काम करून टाकलं होतं.

आतल्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेत काका उताणे पडले होते. खोलीत गरम कापडाचा वास होता. टेबलावर इस्त्री उभी करून ठेवलेली होती, तिचा दिवा अजून लाल होता. काकांच्या अंगात शर्ट होता, पांढरा, बारीक निळ्या रेघांचा, आणि त्याची सगळी बटणं लावलेली होती, अगदी गळ्याचंही. तिने छातीवर तळहात ठेवला तर छाती ऊबदार लागली, आणि तिला वाटलं, आहे, जीव आहे, ऊब आहे. मग गळ्याला हात लावला. गळा तसा नव्हता. ऊब शर्टाची होती. शर्ट नुकताच इस्त्रीखालून निघाला होता, आणि या माणसाच्या अंगात तो आत्ता, पडल्यानंतर चढवलेला होता. पाठीखाली तो नीट खेचला गेलेला नव्हता, एका बाजूला चुणी झाली होती, बाकी पुढून अगदी व्यवस्थित. पेटीतल्या कात्रीने तिने तो आतल्या बनियनसकट गळ्यापासून खाली कापत नेला. "अहो, नवीन आहे," मागून काकू म्हणाल्या, आणि मग त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पलंगावर फोन पडला होता, आणि त्यातून एका मुलीचा आवाज येत होता, "दाबताय ना? काकू, दाबताय ना?" ती मुलगी किती वेळ हे विचारत होती कोण जाणे.

तिने दाबायला सुरुवात केली. रबरी पुतळा दाबला की टिकटिक वाजतो. माणूस दाबला की जे वाजतं ते तिने त्याआधी ऐकलं नव्हतं. पट्ट्या लावल्या. पेटीने सांगितलं, कुणी हात लावू नका, मग थोडा विचार केला, आणि शांत, सभ्य आवाजात म्हणाली, की झटका देण्याची गरज नाही. छाती दाबत राहा. ते ऐकून काकूंचा चेहरा उजळला. झटक्याची गरज नाही म्हणजे बरं चाललंय, असं त्यांना वाटलं. हिला माहीत होतं, की जिथे हृदय थोडं तरी तडफडत असतं तिथेच झटक्याचा उपयोग असतो, आणि इथे तडफड थांबून वेळ झाला होता. थोडा वेळ आधी कुणी दाबत राहिलं असतं तर कदाचित. तो थोडा वेळ शर्टाच्या बटणांमध्ये गेला होता. हे तिला दाबता दाबता कळलं, पूर्ण कळलं, आणि त्याच वेळी, घाम गळत असताना, डोक्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून एक हिशेबी आवाज विचारून गेला: झटका दिला नाही, तर हा वापर धरतील का?

ॲम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी तिला हळूच बाजूला केलं, आणि बऱ्याच वेळाने तेही थांबले.

नवऱ्याला तिने त्या संध्याकाळी सांगितलं. सगळं नाही, फोन वाजल्यावर आनंद झाला, एवढंच. तो भांडी पुसत होता. म्हणाला, "मग काय झालं? दाराची बेल वाजली की डॉक्टरला आनंद होतोच ना? नाहीतर दवाखाना चालायचा कसा?" तो तिला हसवायला बघत होता, आणि एरवी तिला त्याचं हे आवडायचं. "तू धावलीस. जे धावले नाहीत त्यांना विचार आनंद झाला का," असंही तो म्हणाला. ते खरंच होतं. धावणारे पाय चांगले, आणि डोकं? तिला वाटलं, चांगल्या कामाचा हाच त्रास आहे, की ते करताना आत काय चाललंय हे कुणी विचारत नाही. वाईट काम करणाऱ्याला निदान विचारतात तरी. कंडक्टरांचा फोन आला. आवाज पडलेला होता, शब्द जपून निवडत होते, पण निरोप तोच होता. "वाईट झालं फार," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "पुढच्या बैठकीत मात्र आता आपल्याला शून्य म्हणावं लागणार नाही." त्यांचा तिला राग आला नाही. राग यायला स्वतः स्वच्छ असावं लागतं.

मग एके दिवशी काकू दुकानात आल्या. येताना त्यांनी काकांचा चष्मा आणला होता. त्यात स्वतःच्या नंबराच्या काचा बसवून हव्या होत्या. "फ्रेम चांगली आहे, ठेवून काय करायची," त्या म्हणाल्या. फ्रेम पुरुषी आणि त्यांच्या चेहऱ्याला मोठी होती, पण हिने तसं म्हटलं नाही. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि अंतर मोजायला चेहरा जवळ नेला, इतका जवळ, की त्यांच्या श्वासाची कढत झुळूक तिच्या हनुवटीला लागली. या कामात दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसतात आणि कुणाला काही वाटत नाही, कारण एकाचं लक्ष पट्टीवर असतं. त्या दिवशी तिचं नव्हतं. "मी त्यांना शर्ट घातला," काकू म्हणाल्या, मान न हलवता, कारण हिनेच हलू नका म्हटलं होतं. "मी इस्त्री करत होते, ते बनियनवर होते. फोनवरची मुलगी म्हणाली, माणसं निघालीत, येतीलच. मी म्हटलं, माणसं येणार आणि हे असे. ते कधी असे कुणापुढे गेले नाहीत हो. दूधवाला आला तरी अंगात काहीतरी चढवायचे." मग त्यांनी विचारलं, "ते चुकलं का माझं?"

तिला हो म्हणायचं होतं का? नव्हतं. नाही म्हणायचं होतं का? तेही धड नव्हतं. तिने पट्टीवरचा आकडा पुन्हा वाचला, पुन्हा चुकीचा वाचला. "तुम्ही लगेच फोन केलात, तेच खूप झालं," ती म्हणाली. पथकात शिकवतात हे वाक्य. घरच्यांना असंच सांगा म्हणतात. काकूंनी मान मागे घेतली. मग म्हणाल्या, "तुमची ती बैठक आहे ना समितीची? मी येते. कंडक्टर म्हणाले, आलात तर वजन पडेल." आणि हिच्या हातातली पट्टी खाली आली. कारण बैठकीत काय बोलायचं ते ठरलेलं होतं, कंडक्टरांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं घरच्यांच्या हातात असतात. त्या मिनिटांत कुणी छाती दाबली तर माणूस वाचण्याची आशा राहते. कुणी दाबली नाही, तर पेटी येऊन काही उपयोग नाही. म्हणून घरोघरी शिकवायला हवं, म्हणून पैसे हवेत. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या एका बाईसाठी त्या सगळ्याचा अर्थ एकच होता: तुमचा नवरा तुम्ही घालवलात.

त्यानंतरचे दिवस तिने दोन तोंडं घेऊन काढले. एक तोंड कंडक्टरांपुढे, एक स्वतःपुढे. काचा घासताना, यंत्राच्या घरघरीत, ती भाषणातून ते वाक्य काढून बघायची, की उरलेलं उभं राहतं का. उभं राहायचं नाही. खांब काढलेल्या मांडवासारखं सगळं खाली यायचं. मग ती ते परत आत घालायची आणि काकूंचा चेहरा बघायची, पट्टीमागचा, न हलणारा. काकूंना येऊ नका म्हणून सांगावं असंही मनात आलं. पण कोणत्या तोंडाने? आणि या सगळ्याच्या मुळाशी तो आनंद बसलेला होताच. तिला वाटायचं, हे आपल्याला फेडायचंय. त्या बाईने दारात आपलं घाणेरडं वाक्य स्वच्छ करून दिलं. आता आपली पाळी आहे. आपणही तिला काहीतरी स्वच्छ करून द्यायला हवं. असं वाटलं की तिला एकदम मोठ्या मनाचं वाटायचं, आणि मोठ्या मनाचं वाटणं तिला इतकं सुखाचं वाटायचं, की तेवढ्यावरूनच तिला संशय यायला हवा होता.

बैठक दुपारी होती. सभागृहातले पंखे फिरत होते आणि कुणाचा तरी कागद सारखा उडत होता. कंडक्टरांनी नवा कोट घातला होता. काकू आल्या, सगळ्यांत मागच्या खुर्चीत बसल्या, हातातली पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. अध्यक्षाने पहिलाच प्रश्न तोच विचारला. "एक," कंडक्टर म्हणाले. "पण झटका दिला गेला नाही असं दिसतंय," हिशेब बघणारा माणूस म्हणाला, "मग याला वापर म्हणायचं का? पेटी उघडली एवढंच." यावर थोडी कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं अर्धा धरा, आणि कुणीतरी दबक्या आवाजात हसलं, आणि अध्यक्षाने मागे बसलेल्या काकूंकडे पाहून हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चांगला माणूस होता तो. त्याने हिला उभं केलं आणि हळुवारपणे विचारलं, "ताई, आम्हाला यातलं कळत नाही. तुम्ही तिथे होतात. मला एकच सांगा. तुम्ही म्हणता तसं घरच्यांना आधी शिकवलेलं असतं, तर ते वाचले असते का? हो की नाही?"

तिला अध्यक्ष दिसत नव्हता. तिला मागच्या रांगेतली पर्स दिसत होती, आणि पर्सवरचे हात, आणि त्या हातांनी एक एक करून लावलेली बटणं, गळ्याचं शेवटी. आपण आत्ता हो म्हटलं तर ते हात जन्मभर तिथेच अडकतील. "नाही," ती म्हणाली. "वाचले नसते." कंडक्टरांची मान झटकन तिच्याकडे वळली. "कशानेही वाचले नसते," ती पुढे म्हणाली, कारण एकदा दिलंच आहे तर भरभरून द्यावं. अध्यक्षाने मान हलवली. "स्पष्ट बोललात, बरं वाटलं," तो म्हणाला. पेटीच्या बॅटरीपुरतं बघू, घरोघरी शिकवण्याचं सध्या राहू दे, असं तो म्हणाला, आणि पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता. मागे काकू अर्धवट उठल्या होत्या. त्यांनी हात वर केला की नुसता खुर्चीचा आधार घेतला ते तिला कळलं नाही. अध्यक्षाचं लक्ष नव्हतं, आणि त्या पुन्हा खाली बसल्या. तिला हलकं वाटत होतं. इतके दिवस छातीवर कुणी गुडघा रोवून बसलं होतं ते उठलं. कंडक्टर तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते, पण तेही तिला गोड वाटलं. चांगल्या कामासाठी थोडं सोसावं लागतंच, अशा थाटात ती बाहेर आली.

काकू बाहेरच्या लांबट बोळात भिंतीला टेकून उभ्या होत्या. हिला पाहून त्या सरळ झाल्या.

"खोटं का बोललात?"

"काकू, मी..."

"त्या फोनवरच्या मुलीने मला सांगितलं होतं. दाबा म्हणाली. कुठे दाबायचं तेही सांगितलं. मी म्हटलं, थांब गं, शर्ट घालते. हे मी आत सांगायला आले होते." काकूंचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "रात्रभर पाठ केलं. मला कुणी आधी दाखवलं असतं, माझा हात धरून एकदा जरी दाखवलं असतं, तर मी शर्टाच्या मागे लागले नसते. एवढंच बोलायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात. आता मी काय बोलू? बोलले तर लोक म्हणतील, म्हातारी शोक करतेय."

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून," ती म्हणाली. म्हणताना तिला आपलाच आवाज ऐकू आला, दुकानातला, गिऱ्हाइकाला समजावणारा.

"त्रास व्हायचा तो होतोच आहे. तुमच्या नाही म्हणण्याने कमी नाही झाला. वाया गेला." काकूंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या हातून झालं ते झालं. ते कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल म्हटलं होतं. माझ्याकडे तेवढंच होतं द्यायला. तेही तुम्ही फुकट घालवलंत."

तिच्या ओठांवर सगळं आलं. फोन, आनंद, पायऱ्या चढणारे जाडे लोक, दारातलं ते वाक्य आणि ते खरं कशाबद्दल होतं. आत्ताच सांगून टाकावं, या बाईपुढे सांगावं, मग तिने काय शिव्या द्यायच्या त्या द्याव्यात. "काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी मी जेव्हा आले तेव्हा माझ्या मनात..."

"तुमचं नंतर," काकू म्हणाल्या. "आधी आत चला."

आणि त्या निघाल्याच. दार त्यांनीच ढकललं. आत रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल कुणीतरी तावातावाने बोलत होतं, ते थांबलं. अध्यक्षाने चष्मा वर केला. या वेळी काकू मागच्या रांगेत गेल्या नाहीत; पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती तिथे बसल्या, आणि हिच्याकडे तोंड करून बसल्या. ती उभी राहिली. आता कुठेच मोठ्या मनाचं काही वाटत नव्हतं. ज्या गोष्टीपासून ती या बाईला वाचवत होती, ती गोष्ट या बाईला आधीच पूर्ण ठाऊक होती, आणि आता ती हिच्या तोंडून, सगळ्यांसमोर ऐकायला तयार होऊन बसली होती. वाचवलं होतं ते तिने स्वतःलाच, दुकानात एकदा आणि मघाशी दुसऱ्यांदा.

"मघाशी मी नाही म्हणाले," ती म्हणाली. "ते खरं नव्हतं."

"म्हणजे ते वाचले असते?" अध्यक्षाने विचारलं.

"वाचू शकले असते. खात्री कुणालाच देता येत नाही. पण आशा होती, आणि ती माझ्या पोचण्याच्या आधीच गेली."

"कशामुळे गेली?"

तिने काकूंकडे पाहिलं. "घरात कुणाला माहीत नव्हतं," ती म्हणाली, "म्हणजे तसं कुणाचं चुकलं असं नाही, पण अशा वेळी माणूस गोंधळतो, आणि मग..."

"नीट सांगा," काकू समोरून म्हणाल्या. "माझं नाव घालून सांगा."

अध्यक्षाने हातातलं पेन खाली ठेवलं. आणि तिने काकूंच्या डोळ्यांत बघत, काही न गाळता, नीट सांगितलं.